माणसें घडविण्याचा खर्च

आपल्या समाजांत दानाची परंपरा जुनी आहे. यज्ञयागादि कर्मांस 'इष्ट' आणि विहिरी, तलाव, धर्मशाळा, बागा ह्यांच्या निर्मितीस 'पूर्त' असें नांव आपल्या पूर्वजांनीं दिलें, आणि ह्या दुसऱ्या प्रकारच्या दानाच्या खुणा आजही गांवोगांव दिसतात. पाठशाळेच्या दारावर, रुग्णालयाच्या भिंतीवर, ग्रंथालयाच्या कपाटावर दात्याचें नांव कोरलेलें असतें. तें तसें असावें. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु ज्या माणसांनीं त्या इमारतींत बसून काम करावयाचें, त्यांस त्या कामाचें धुरीणत्व पेलण्याजोगें तयार करण्यासाठीं कोणी द्रव्य दिलें, अशी पाटी मात्र आमच्या पाहण्यांत फारशी आलेली नाहीं. दगडावर नांव कोरतां येतें, तयार झालेल्या माणसावर तें कोरतां येत नाहीं, हेंच ह्याचें कारण असावें.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. मात्र तो आम्ही एका विशिष्ट प्रकारच्या संस्थांपुरता मर्यादित ठेवणार आहों. नफ्याची अपेक्षा न ठेवतां ज्ञानाचा शोध करणाऱ्या ज्या संस्था आहेत, मग त्या जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्या असोत, शेतीचा असोत, लोकांच्या दारिद्र्याचा असोत, कीं बालकांच्या आजारांचा असोत, त्यांच्या सेवकवर्गांतून पुढचे धुरीण कसे निर्माण व्हावेत आणि त्यासाठीं लागणारा पैसा कोणीं द्यावा, हा तो प्रश्न होय. हल्लीं ह्यास 'नेतृत्व-विकास' असें भारदस्त नांव मिळालें आहे. विषय वरवर पाहतां मोठ्या शहरांतील कचेऱ्यांचा वाटेल. पण ज्या घरांतून अशा संस्थांस देणग्या जातात आणि ज्या घरांतील मुलें, सुना, जांवई तेथें कामास असतात, त्या घरांसही ह्या विषयाचा विचार करावाच लागेल.

नेतृत्व कशास म्हणावें?

नेतृत्व म्हटलें कीं सामान्यतः व्यासपीठ, हार आणि भाषण हीं डोळ्यांपुढें येतात. संशोधन-संस्थेंतील नेतृत्व ह्याहून अगदीं निराळें आहे. शोधण्याजोगा प्रश्न कोणता आणि नुसता मनोरंजक प्रश्न कोणता, हें ओळखणें. दहा माणसांचें काम दहा जणांस त्यांच्या त्यांच्या वकुबाप्रमाणें वांटून देणें. खर्चाचा अंदाज आधीं करणें आणि हिशेब मागाहून देणें. दोन विद्वानांत मतभेद झाला तर तो वादाच्या पातळीवरच राखणें, वैरावर जाऊं न देणें. दात्यास खरी गोष्ट न कचरतां सांगणें. हाताखालच्या नवख्यास चुकण्यास जागा ठेवणें. आणि शेवटीं, वेळ आली म्हणजे आपली खुर्ची नीट पुसून दुसऱ्यास देणें, इतक्या गोष्टी त्यांत येतात.

मनुष्य चांगला संशोधक झाला म्हणजे हें सर्व त्यास आपोआप येतें, असा एक समज आहे. तो खरा नाहीं. वर्गांत उत्तम शिकविणारा शिक्षक मुख्याध्यापक झाला कीं पहिल्याच वर्षीं वेळापत्रकापाशीं अडखळतो, हें आम्हीं शाळेंत पुष्कळदां पाहिलें आहे. शिकविणें ही एक विद्या, आणि शाळा चालविणें ही दुसरी. दुसरी विद्या पहिलीच्या पोटांतून जन्मत नाहीं. ती निराळी शिकावी लागते. आणि जें शिकावें लागतें, त्यास खर्च हा आलाच.

मागावरचा तोटा

हा खर्च कोणत्या स्वरूपाचा असतो, तें आमच्या गांवच्या एका धंद्यावरून चांगलें कळतें. आम्ही राहतों तें आंधळगाव भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यांत आहे. कोष्ट्यांचे माग आणि कोशाचें कापड ह्यांसाठीं ह्या बाजूस गांवाची ओळख आहे. ऐन आणि अर्जुन ह्या झाडांच्या पाल्यावर पोसलेल्या किड्यांचे कोसे उकळून धागा काढतात, आणि तो मागावर चढतो. ह्या कामाची विद्या कोणत्याही पुस्तकांत मिळत नाहीं. घरांतला मुलगा आधीं कांड्या भरतो. मग तुटलेला धागा सांधावयास शिकतो. मग बापाच्या शेजारीं बसून साध्या सुती कापडावर हात बसवितो. आणि पुष्कळ दिवसांनीं कोशाचा ताणा त्याच्या स्वाधीन होतो. त्याच्या पहिल्या कापडांत खोट राहतेच. धागा वाया जातो, दिवस मोडतो आणि व्यापारी त्या कापडाची किंमत कापतो.

हा तोटा कोण सोसतो? घर सोसतें. त्या तोट्यास कोणी 'शिक्षणखर्च' म्हणत नाहीं, वहींत तो निराळा मांडीत नाहीं. पण तो शिक्षणखर्चच होय. माग बंद पडण्यास यंत्रमागाचें कापड, तुटपुंजी मजुरी, बाजाराचे चढउतार अशीं दुसरीं कारणें आहेत, हें आम्ही जाणतों. परंतु बाजार असूनही जेथें नवख्याच्या हातची खोट सोसण्याची ऐपत राहिली नाहीं, तेथें बापाबरोबर विद्याही संपली, हेंही तितकेंच खरें.

संशोधन-संस्थेचें गणित ह्याहून वेगळें नाहीं. भेद इतकाच कीं तेथें घराच्या जागीं दाता असतो, आणि वाया गेलेला धागा हिशेबांत दिसलेला बहुतेक दात्यांस खपत नाहीं.

गोखल्यांनीं ठरविलेलीं पांच वर्षें

ह्या प्रश्नाचा महाराष्ट्रांत स्पष्ट विचार करून त्याप्रमाणें पैशाची तरतूद करणाऱ्यांत ना. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. १२ जून १९०५ रोजीं पुण्यास त्यांनीं भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्यांच्यासमवेत आरंभीं नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन हे तिघे होते. देशकार्यास आजन्म वाहून घेणाऱ्या माणसांचा हा संघ. परंतु नुसती वाहून घेण्याची इच्छा गोखल्यांस पुरेशी वाटली नाहीं. नव्या सभासदानें पहिलीं पांच वर्षें उमेदवारी करावी, असा त्यांनीं नियम केला. ह्या काळांत त्यानें अभ्यास करावा, देशांत प्रवास करावा, प्रश्न जागेवर जाऊन पाहावेत आणि ज्येष्ठांच्या देखरेखीखालीं काम शिकावें. त्याच्या निर्वाहाची सोय समाजानें करावी. पैशाची चणचण कायम असतांना पांच पांच वर्षें माणूस पोसावयाचा, आणि त्याच्याकडून तत्काळ फळ मागावयाचें नाहीं, हें धोरण त्या काळीं कित्येकांस उधळेपणाचें वाटलें असल्यास नवल नाहीं.

त्याचा प्रत्यय लवकरच आला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं गोखले निवर्तले, तेव्हां त्यांचें वय अवघें ४८ वर्षांचें होतें, आणि समाजास दहा वर्षेंही पुरीं झालेलीं नव्हतीं. संस्थापक इतक्या लवकर गेल्यावर अनेक संस्था विझतात. भारत सेवक समाज विझला नाहीं. श्रीनिवास शास्त्री अध्यक्ष झाले. त्यांच्यामागून देवधर आणि मग हृदयनाथ कुंझरू ह्यांनीं ती धुरा वाहिली. आमच्या नागपुरास १९११ मध्यें सुरू झालेला 'हितवाद' द्रविडांनीं सांभाळला. ठक्कर बाप्पा ह्याच समाजाच्या द्वारें आदिवासींच्या सेवेकडे वळले. हीं सर्व माणसें तयार असल्यानेंच तें शक्य झालें, आणि तीं तयार होतीं ह्याचें कारण त्यांच्या तयारीचा खर्च वेळेवर झालेला होता.

पुढें १९३० सालीं रावबहादुर रा. रा. काळे ह्यांनीं ह्या समाजास दिलेल्या देणगींतून गोखले अर्थशास्त्र संस्था पुण्यास उभी राहिली. तिचे पहिले संचालक प्रा. धनंजयराव गाडगीळ. त्यांचें बालपण व शालेय शिक्षण नागपुरास झालेलें, म्हणून विदर्भास त्यांचा विशेष अभिमान. संस्थेची धुरा हातीं आली तेव्हां ते २९ वर्षांचे होते. म्हणजे एका तरुणावर विश्वास टाकून संस्था सुरू झाली. गाडगीळ १९६६ पर्यंत संचालक राहिले. छत्तीस वर्षें एकाच पुरुषानें वाढविलेली संस्था त्याच्या जाण्यानें पोकळ व्हावी, हा नेहमींचा अनुभव. पण १९४५ सालींच संस्थेंत आलेले प्रा. वि. म. दांडेकर तोंवर दोन दशकें तेथें वावरून, पाहण्या करून, वादविवाद करून सिद्ध झालेले होते. तेच संचालक झाले. दांडेकर आणि नीलकंठ रथ ह्या दोघांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलेला भारतांतील दारिद्र्याविषयींचा अभ्यास जगभर वाचला गेला, आणि त्यावर अजूनही चर्चा होते. गाडगिळांच्या स्वतःच्या ग्रंथांइतकेंच हेंही त्यांचें कर्तृत्व आम्ही मानतों.

एका ग्रंथाचे तीन प्रधान संपादक

दुसरें उदाहरण संस्कृताच्या अभ्यासकांस अधिक जवळचें आहे. पुण्याचें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर ६ जुलै १९१७ रोजीं स्थापन झालें. औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं १९१८ सालीं महाभारताच्या सचित्र आवृत्तीसाठीं एक लक्ष रुपयांचें वचन दिलें, आणि १९१९ पासून चिकित्सक आवृत्तीच्या कामास आरंभ झाला. काश्मिरापासून केरळापर्यंतच्या पोथ्या मिळवावयाच्या, शारदेपासून मल्याळमपर्यंतच्या लिप्या वाचावयाच्या, प्रत्येक श्लोकाचे पाठभेद कोष्टकांत उतरवावयाचे, आणि त्या सर्वांतून प्राचीनतम पाठ निवडावयाचा, असें तें अजस्र काम. अखेरपर्यंत १,२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या आणि १९ खंड प्रसिद्ध झाले.

ना. बा. उत्गीकरांनीं १९२३ मध्यें विराटपर्वाची नमुन्याची आवृत्ति काढली. १९२५ मध्यें डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर प्रधान संपादक झाले. केंब्रिजला गणित, बर्लिनला संस्कृत आणि मग पुराणवस्तुखात्यांतील चाकरी, अशी त्यांची तयारी. त्यांनीं काम तर केलेंच. पण आम्हांस महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्यांनीं आपली पद्धति आपल्या डोक्यांत ठेवली नाहीं. आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें तेव्हां त्याच्या विस्तृत प्रस्तावनेंत पाठनिर्णयाचे सर्व नियम त्यांनीं लिहून ठेवले; ज्यास पटेल त्यानें घ्यावे, ज्यास न पटेल त्यानें खोडून काढावे. शिवाय सर्व पर्वें त्यांनीं आपल्याकडे ओढलीं नाहींत. विराटपर्व रघुवीरांकडे, उद्योगपर्व बंगालच्या सुशीलकुमार दे ह्यांच्याकडे, सभापर्व अमेरिकेच्या फ्रँकलिन एजर्टनकडे गेलें. पोथ्या ताडून पाहणारा सेवकवर्ग पुण्यास सिद्ध झाला. तंजावर आणि शांतिनिकेतन येथेंही हें काम चाले.

२१ जानेवारी १९४३ रोजीं, मुंबई विद्यापीठांत महाभारतावरील त्यांची व्याख्यानमाला चालू असतांच, सुखटणकर अकस्मात् निवर्तले. त्या दिवशीं अठरांपैकीं चारच पर्वें छापून पूर्ण झालेलीं होतीं. जो ग्रंथ एका पुरुषाच्या बुद्धीवर उभा असता, तो तेथेंच थांबला असता. परंतु डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर पुढें सरसावले; १९६१ मध्यें त्यांच्या हातून तें काम डॉ. प. ल. वैद्यांनीं घेतलें, १९३९ पासून चिटणीसपद सांभाळणारे डॉ. रा. ना. दांडेकर कचेरी चालवीत होते आणि पर्वेंही संपादीत होते; आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजीं राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् ह्यांच्या उपस्थितींत आवृत्ति पूर्ण झाल्याचें जाहीर झालें. आरंभापासून समाप्तीपर्यंत ४७ वर्षें लागलीं, आणि प्रधान संपादक तीन झाले. पण ग्रंथ एक राहिला.

'योगक्षेम' हा शब्द आपण सहज उच्चारतों. जें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें आहे तें राखणें हें क्षेम. दाते बहुधा योगासाठीं देतात: नवी इमारत, नवें यंत्र, नवा प्रकल्प. क्षेमासाठीं देणारा दाता विरळा. महाभारताच्या आवृत्तीचें क्षेम झालें तें माणसांच्या परंपरेमुळें, पोथ्यांच्या कपाटांमुळें नव्हे.

गडचिरोलींतील आरोग्यदूत

हीं जुन्या काळचीं आणि विद्वानांचीं उदाहरणें झालीं. आमच्या भंडाऱ्याप्रमाणेंच पूर्व विदर्भांत मोडणाऱ्या गडचिरोली जिल्ह्यांत एक नवें आणि निराळ्या थरांतील उदाहरण आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्या दांपत्यानें १९८६ च्या सुमारास 'सर्च' ही संस्था तेथें सुरू केली. खेड्यांतील नवजात बालकें कां दगावतात आणि तीं घरच्या घरीं वांचवितां येतील काय, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. ३९ गांवांत, गांवच्याच स्त्रियांना निवडून, त्यांस बाळाचें वजन करणें, श्वास मोजणें, जंतुसंसर्ग ओळखणें आणि उपचार करणें शिकविलें गेलें. शेजारच्या ४७ गांवांशीं तुलना केली असतां तिसऱ्या वर्षीं ह्या गांवांतील नवजात-मृत्यूचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं कमी आढळलें. हे निष्कर्ष १९९९ मध्यें 'लॅन्सेट' ह्या विलायती वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले.

ह्यांत आमच्या विषयाच्या दृष्टीनें ध्यानांत घेण्याजोगें असें कीं ह्या संशोधनांतील खर्चाचा गाभा औषधें किंवा यंत्रें हा नव्हता. थोडें शिकलेल्या स्त्रीस, रात्रीं-अपरात्रीं, डॉक्टर जवळ नसतांना, स्वतः निर्णय घेण्याइतकी समर्थ करणें हाच तो गाभा होता. नेतृत्व हें पदवीधरांचें वतन नव्हे, हें त्या स्त्रियांनीं सिद्ध केलें. पुढें २००६ पासून ह्याच संस्थेनें 'निर्माण' हा तरुणांसाठींचा उपक्रम चालविला आहे. समाजाचे प्रश्न हातीं घेऊं शकतील अशीं माणसें घडविणें हाच त्याचा हेतु. केवळ माणसें घडविण्यासाठीं एखाद्या संशोधन-संस्थेनें निराळी योजना करावी आणि तिच्यासाठीं निराळा पैसा मागावा, ही गोष्ट आम्हांस अनुकरणीय वाटते.

पैसा अडतो कोठें?

मग सर्व संस्था असें कां करीत नाहींत? त्यांस तें कळत नाहीं, असें नव्हे. अडचण पैशाच्या स्वरूपाची आहे. आज संशोधन-संस्थांस बहुतेक पैसा प्रकल्पागणिक मिळतो. अमुक पाहणी, अमुक महिने, अमुक रक्कम. पाहणी संपली कीं पैसा संपला. त्यांत सेवकानें एक वर्ष शिकण्यास जावें आणि त्याच्या जागीं दुसरा नेमावा, अशी कलमें बसत नाहींत. २०१३ च्या कंपनी-कायद्यानें मोठ्या कंपन्यांस आपल्या सरासरी नफ्यापैकीं दोन टक्के रक्कम समाजकार्यासाठीं खर्च करणें आवश्यक केलें; त्यामुळें पैशाचा ओघ वाढला हें खरें. पण कंपनीच्या अहवालांत किती मुलें शिकलीं, किती विहिरी खोदल्या हें छापतां येतें. किती माणसें पुढच्या वीस वर्षांसाठीं तयार झालीं, हें छापणें कठीण. परदेशांतून येणाऱ्या देणगीपैकीं प्रशासकीय खर्चास पूर्वीं निम्म्यापर्यंत रक्कम वापरतां येत असे. २०२० च्या दुरुस्तीनें ती मर्यादा २० टक्क्यांवर आली. हिशेबांतील गैरप्रकार रोखण्याचा हेतु रास्तच. परंतु ह्या तंगीचा पहिला घाव सेवकांच्या शिक्षणावर पडतो, कारण तें आज टाळलें तर आज कांहींच बिघडत नाहीं. बिघडतें तें दहा वर्षांनीं.

आमचा एक जुना विद्यार्थी, ह्याच गांवच्या विणकराचा मुलगा, मोठ्या शहरांतील एका अशा संस्थेंत पुष्कळ वर्षें काम करीत आहे. पाहण्या तो करतो, आंकडे तो जुळवितो, अहवाल तो लिहितो. विभागप्रमुख निवृत्त झाले तेव्हां ती जागा त्यानें घ्यावी, असें सर्वांस वाटलें. परंतु तोंवर अंदाजपत्रकाच्या बैठकींत त्यास कोणी बसविलें नव्हतें. दात्यांशीं बोलावयास कोणी नेलें नव्हतें. चार माणसांचें काम त्याच्या जबाबदारीवर कोणी सोंपविलें नव्हतें. त्यास वर्षभर अन्यत्र शिकावयास धाडण्याचा प्रस्ताव संस्थेनें दात्यापुढें ठेवला, तेव्हां 'हें प्रकल्पांत बसत नाहीं' असें उत्तर आलें. त्यानें ती जागा नाकारली. बाहेरून गृहस्थ आणले गेले. ते फार दिवस टिकले नाहींत. आणि विभाग मोडला. कोष्ट्याच्या घरानें जो तोटा निमूटपणें सोसून ह्या मुलास माग शिकविला, तो सोसण्यास त्या धनाढ्य दात्याची तयारी नव्हती, हें आम्हांस फार लागलें.

जगांत ह्या बाबतींत कांहीं दाते शहाणे होऊं लागले आहेत. अमेरिकेंतील फोर्ड प्रतिष्ठानानें २०१६ पासून शंभर कोटी डॉलरांची एक योजना हातीं घेतली. तींत निवडक संस्थांस पांच पांच वर्षांचें अनुदान, आणि त्याचा कांहीं भाग संस्थेच्या अंगच्या बळकटीसाठीं, अशी व्यवस्था केली. पांच वर्षांचा हा हिशेब गोखल्यांनीं १९०५ सालींच मांडला होता, हें आपल्यास विसरून चालणार नाहीं.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा कीं माणूस तयार केला आणि तो सोडून गेला, म्हणजे दात्याचे पैसे बुडाले. ह्याचें उत्तर गोखल्यांच्याच चरित्रांत आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सेवक म्हणून, वीस वर्षांची सेवा आणि ७५ रुपये वेतन ह्या अटीवर ते फर्ग्युसन महाविद्यालयांत राहिले, तेथेंच घडले, आणि १९०२ मध्यें तेथून बाहेर पडून राष्ट्राच्या कामास लागले. सोसायटीचा त्यांत तोटा झाला असें आज कोणी म्हणेल काय? विहीर खणणारा आपलें पाणी कोण पितो हें विचारीत नाहीं. शिवाय व्यवहार पाहिला तरी, ज्यास शिकण्यास मिळत नाहीं तोच आधीं सोडून जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'नेतृत्वाचें शिक्षण' ह्या नांवाखालीं मोठ्या हॉटेलांत तीन दिवसांचीं शिबिरें, चकचकीत प्रमाणपत्रें आणि भरभक्कम शुल्क असा एक बाजार चालू आहे, आणि दात्यांचा पैसा त्यांत जाऊं नये. ह्यास आमची पूर्ण संमति आहे. तीन दिवसांत माग शिकतां येत नाहीं, तशी संस्थाही चालवितां येत नाहीं. म्हणूनच पैसा कशावर खर्चावा, हें स्पष्ट ठरविलें पाहिजे.

आमच्या मतें चार गोष्टींवर तो खर्चावा. पहिली, वेळ: शिकणाऱ्याच्या जागीं बदली माणसाचा पगार, म्हणजे शिकतांना त्याचें काम अडत नाहीं व मन धास्तावत नाहीं. दुसरी, गुरु: दुसऱ्या संस्थेंतील एखादा अनुभवी पुरुष किंवा स्त्री, जिच्याशीं वर्षभर महिन्यांतून एकदां मोकळेपणानें बोलतां येईल, कारण स्वतःच्या वरिष्ठापाशीं आपली अडचण मनुष्य पुरती सांगत नाहीं. तिसरी, जबाबदारी: एक लहानसें काम, त्यास लागणारी रक्कम आणि तें फसण्याची मुभा हीं तिन्ही एकत्र. चौथी, कारभाराचें ज्ञान: हिशेब, कायदा, पत्रव्यवहार, आणि नियामक मंडळाच्या बैठकींत बसण्याचा अधिकार. ह्या चार गोष्टींस इमारतीच्या एका मजल्याइतकाही पैसा लागत नाहीं. लागतें तें धैर्य, आणि पांच वर्षें थांबण्याची तयारी.

आपल्या घरांनीं काय करावें?

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस ह्या सर्वांतलें मर्म निराळें समजावून सांगणें नलगे. कर्ता पुरुष वृद्धापकाळापर्यंत किल्ल्या कमरेस बांधून ठेवतो, देण्याघेण्याच्या वह्या मुलांस दाखवीत नाहीं, आणि एके दिवशीं अचानक जातो; मग शेत कोणाकडे लावलें, कर्ज किती, कागद कोठें, ह्याचा शोध करण्यांत वर्षें जातात आणि भाऊ भाऊ दुरावतात. उलट ज्या घरांत आजोबा साठीनंतर बैठकींत मागें सरकून बसतात, आणि व्यवहार मुलासुनांच्या हातून करवून घेऊन चुकलेंच तर संध्याकाळीं हळूच समजावतात, तें घर पिढ्यान् पिढ्या टिकतें. संस्था म्हणजे असेंच एक मोठें घर होय.

तेव्हां वडिलांच्या श्राद्धानिमित्त, मुलाच्या मुंजीनिमित्त किंवा एकसष्टीनिमित्त एखाद्या संशोधन-संस्थेस देणगी द्यावयाची झाल्यास, तिच्या चालकांस तीन प्रश्न अवश्य विचारावेत: तुमच्यामागून हें काम कोण पाहणार? त्यांची तयारी आज कशी चालली आहे? आणि त्या तयारीस काय कमी पडतें? ह्या प्रश्नांनीं चांगला चालक रागावणार नाहीं. उलट इतक्या दिवसांनीं कोणी तरी नेमकें विचारलें, म्हणून त्यास बरें वाटेल. उत्तर समाधानकारक असेल, तर आपली देणगी भिंतीसाठीं नव्हे तर सेवकांच्या शिक्षणासाठीं आहे, असें पत्रांत स्पष्ट लिहून द्यावें. रक्कम लहान असली तरी बिघडत नाहीं. दहा घरांनीं मिळून एका सेवकाच्या वर्षाचा भार उचलला, तरी पुष्कळ झालें.

दुसरें काम घरांतलेंच आहे. आपली सून किंवा मुलगी अशा संस्थेंत असेल, आणि तिला सहा महिने परगांवीं शिकण्यास जाण्याची संधि आली, तर 'आतां ह्या वयांत कशास?' हा प्रश्न घरांतील वडीलधाऱ्यांनीं विचारूं नये. दात्यानें द्रव्य दिलें, संस्थेनें रजा दिली, आणि घरानें उंबरठ्यावर अडविलें, तर तिन्हींचें पुण्य तेथेंच अडलें. त्या सहा महिन्यांत नातवंडांकडे पाहणें, स्वयंपाकाचा भार वांटून घेणें, हीही त्या संशोधनास दिलेली देणगीच होय; आणि ती देण्यास कोणत्याही घराला श्रीमंत असावें लागत नाहीं.